जिल्हा परिषद हायस्कूलचा इतिहास लिहायचाय? आधी दाखलखारीज उघडा

शाळेचं स्थापना वर्ष कमानीवरून घेऊ नका. कमान बहुधा नंतर बांधलेली असते. जनरल रजिस्टरचा, म्हणजे दाखलखारीज या विद्यार्थी दाखल झाल्याच्या आणि शाळा सोडल्याच्या नोंदवहीचा, पहिला खंड मागा आणि नोंद क्रमांक 1 ची प्रवेश तारीख टिपा. मात्र 'इयत्ता' आणि 'पूर्वीची शाळा' हे रकानेही वाचा. पहिलाच विद्यार्थी एकदम आठवीत दाखल दिसला, तर पुढचे वर्ग तेव्हा सुरू झाले असावेत; गावातली प्राथमिक शाळा त्याहून जुनी असू शकते. दोन्ही तारखा वेगळ्या द्या.

जिल्हा परिषदा 1 मे 1962 रोजी आल्या. त्याआधीच्या कागदांवर 'लोकल बोर्ड' किंवा 'स्कूल बोर्ड' दिसेल, तर घाबरू नका. तारीख शके सनात असेल तर 78 मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली असेल तर 79. मराठवाड्यात फसली सन (जुनी महसुली कालगणना) आणि उर्दू नोंदी भेटतात. तिथे जाणकार वाचक सोबत हवाच.

आवारासाठी सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा, मग त्यातला फेरफार क्रमांक (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा क्रमांक) धरून मागे जा. खरी गोष्ट तिथेच सापडते: जमीन गायरान होती की कुणी बक्षीसपत्र करून दिली. मैदान वेगळ्या गट क्रमांकाच्या जमिनीत असणं ही नेहमीची भानगड. नकाशा काढताना 30 मीटरचा टेप घ्या, आणि प्रत्येक खोलीचा कर्णही मोजा, नाहीतर तिरक्या भिंती कागदावर काटकोनात बसतात.

जुन्या पानांना चिकटपट्टी लावू नका. फोटो सावलीत, पान सपाट ठेवून काढा.