काँक्रीटमध्ये पीझो सेन्सर बसवताना या चुका टाळा

रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे जेटीचं किंवा किनाऱ्यालगतच्या इमारतीचं काँक्रीट आतून कसं पक्कं होतंय, हे पाहायला पीझो सेन्सरची (वीज दिली की कंपणाऱ्या आणि कंप लागला की वीज देणाऱ्या पट्ट्यांची) जोडी सोयीची. एक पट्टी कंप सोडते, दुसरी टिपते. ओल्या काँक्रीटमध्ये लहर सेकंदाला काहीशे मीटर धावते, पक्क्या काँक्रीटमध्ये साधारण ४००० मीटर. घोळ बहुतेक वेळा बसवण्यात होतो.

ओलं काँक्रीट वीज वाहून नेतं, त्यामुळे उघडी पट्टी शॉर्ट होते. सोल्डरिंग दोन-तीन सेकंदांत उरका. जास्त तापली की पट्टीचं ध्रुवीकरण, म्हणजे कंपाची वीज करण्याचा गुण, उतरतं. मग इपॉक्सीचे दोन पातळ हात द्या आणि ते सुकल्यावर पट्टी सिमेंट-वाळूच्या २५ मिमी ठोकळ्यात बसवा. ओतकामाआधी मल्टिमीटरवर पट्टीचा कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) मोजून लिहून ठेवा. नंतर तो एकदम घसरला तर पट्टी तडकली किंवा टाका सुटला. दोन वायरींमधला रोध घसरला तर पाणी शिरलं. व्हायब्रेटरची सुई ठोकळ्यापासून लांबच ठेवायला सांगा.

पहिल्या काही तासांत सिग्नलच मिळत नाही, ही नेहमीची तक्रार. हिशेब करा: वेग ५०० मीटर आणि वारंवारता १०० किलोहर्ट्झ असेल तर तरंगलांबी ५ मिमी. २० मिमी खडीत ती विखरून जाते. सुरुवात २० किलोहर्ट्झने करा, पट्ट्यांमध्ये अंतर १००-१५० मिमी ठेवा.

सिग्नल मिळाला तरी पहिला उंचवटा लहरीचा असेलच असं नाही. वायरीतून वायरीत उडालेली वीज शून्य वेळेलाच दिसते. काँक्रीट घट्ट होताना खरी लहर आधी-आधी सरकते, ही उडालेली वीज मात्र जागची हलत नाही. शिल्डेड वायर वापरा, अर्थिंग तपासा. जोडी सळईला समांतर असेल तर पोलादातून धावलेली लहर आधी पोचते आणि वेग फसवा येतो. जोडी सळईच्या आडवी ठेवा.

सर्वात महाग चूक म्हणजे सेन्सर फक्त मध्यभागी ठेवणं. तिथे ओल टिकते, आकडे छान येतात. खाऱ्या वाऱ्यात आधी सुकतं ते कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, आणि सळई गंजवणारं मिठातलं क्लोराइड आत जातं तेही तिथूनच. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ किनारी हवेसाठी ४५ मिमी कव्हर सांगतं. एक जोडी त्या जाडीत, पृष्ठभागाला समांतर बसवा. तिचा वेग मागे पडला तर काँक्रीट ओलं ठेवायला घातलेलं गोणपाट सुकलंय असं समजा. पीपीसीला (पोझोलाना मिसळलेल्या सिमेंटला) किमान १० दिवस क्युरिंग, म्हणजे ओलं ठेवणं, हवं, तेही गोड्या पाण्याने.

वेग म्हणजे ताकद नव्हे. पावसात भिजलेलं काँक्रीट वेग थोडा चढा दाखवतं. शिवाय पीपीसीत वेग जवळजवळ थांबल्यावरही ताकद वाढत राहते. त्याच मिश्रणाचे १५० मिमी क्यूब ३, ७ आणि २८ दिवसांनी फोडून आपला आलेख आपणच काढा. दुसऱ्या खडीचा आलेख इथे चालत नाही. शेजारी तापमान मोजणारं थर्मोकपलही ठेवा, कारण पट्टीचा कपॅसिटन्स तापमानानेही बदलतो.

वाचन अधूनमधून गायब होत असेल तर आधी कनेक्टर पाहा. खाऱ्या हवेत पितळ हिरवं पडतं.