मुखत्यारपत्रातलं ते एक वाक्य

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये नव्याने आलेली जोडपी आमच्याकडे जेवायला आली की ताटं उचलता उचलता मी एक प्रश्न विचारते, आणि नवरा डोळ्यांनी 'आजच कशाला' म्हणत असतो. प्रश्न असा: तुमच्यापैकी एकजण उद्या आयसीयूत बेशुद्ध असेल, तर त्याच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यातून दुसऱ्याला घरभाडं भरता येईल का? उत्तर ठरलेलं असतं, "अहो, आम्ही नवरा-बायको आहोत!" असाल. पण खात्यावर दोघांची नावं नसतील, तर लग्नाचा दाखला दाखवून बँक पैसे देत नाही. त्यासाठी मुखत्यारपत्र लागतं.

गंमत म्हणजे पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या फ्लॅटसाठी कुलमुखत्यारपत्र बहुतेकांनी केलेलं असतं, आणि डोक्यात तोच कागद असतो. घोळ तिथेच होतो. भारतात 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मुखत्यारी देणारा वारला किंवा त्याचं मानसिक भान गेलं, की मुखत्याराचा अधिकार संपतो. हा इंग्रजांच्या जुन्या कायद्यातला नियम, आणि अमेरिकेतही पूर्वी तोच होता. म्हणजे ज्या दिवशी कागदाची खरी गरज, त्याच दिवशी तो रद्दी. 1950 च्या दशकात व्हर्जिनियाने ही अडचण आधी सोडवली, आणि 1979 मध्ये राज्यांसाठी एक नमुना कायदा आला. आता भान हरपलं तरी टिकणारी मुखत्यारी प्रत्येक राज्यात करता येते. तिलाच इथे ड्युरेबल पॉवर ऑफ ॲटर्नी म्हणतात.

मात्र हा कायदा वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा नाही, राज्याराज्याचा आहे. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधली हडसन नदी ओलांडली की नियम बदलतो. न्यू जर्सीचा सध्याचा कायदा 2000 सालचा. मुखत्यारपत्र लेखी हवं, सही हवी, ती नोटरीसमोर कबूल केलेली हवी. आणि कागदात असं वाक्य हवंच, की मुखत्यारी देणारा पुढे अक्षम झाला तरी हा अधिकार चालू राहील. शब्द थोडे इकडेतिकडे चालतील, अर्थ तोच हवा. ते वाक्य नसेल, तर न्यू जर्सीत तो कागद ड्युरेबल नाही. न्यूयॉर्कमध्ये उलट: वेगळं लिहिलं नसेल तर तो ड्युरेबलच धरतात, पण मुखत्यारालाही सही करावी लागते, आणि 13 जून 2021 पासून नोटरीबरोबर दोन साक्षीदारही लागतात. पेनसिल्व्हेनियातही तो आपोआप ड्युरेबल, आणि 2015 पासून तिथेही नोटरी अधिक दोन साक्षीदार. त्यामुळे नोकरीपायी राज्य बदललंत तर जुना कागद बाद झाला असं नाही, पण नव्या राज्याच्या पद्धतीने पुन्हा केलेला बरा. काउंटरवरच्या माणसाला ओळखीचा नमुना दिसला की काम लवकर होतं.

हे मी इतकं का ताणते, तर आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना पन्नाशीच्या आत पक्षाघात झाला. इंटरनेटवरून उतरवलेलं, रीतसर नोटरी केलेलं मुखत्यारपत्र फायलीत होतं. ते एक वाक्य तेवढं नव्हतं. बायकोला गार्डियनशिपसाठी, म्हणजे नवऱ्याची कायदेशीर पालक नेमलं जाण्यासाठी, कोर्टात जावं लागलं: दोन डॉक्टरांचे दाखले, नवऱ्याची बाजू पाहायला कोर्टाने नेमलेला वेगळा वकील, आणि काही महिने. घराचे हप्ते तोवर थांबत नाहीत. आणि नोटरीने कसं सांगितलं नाही, असं विचारू नका. आपल्याकडे नोटरी वकील असतो. इथे तो बँकेत किंवा पार्सलच्या दुकानात बसलेला कुणीही असू शकतो. तो ओळखपत्र बघतो आणि सही तुमचीच हे सांगतो. आत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वकिलाला चार पैसे द्यावेत ते यासाठी.

'ॲटर्नी' या शब्दानेही दचकू नका. तो वकीलच असावा लागत नाही, तुमचा मुखत्यार म्हणजे तुमचा विश्वासाचा माणूस. पहिला जोडीदार, हे ठीक. पण तुम्ही दोघं बहुतेक वेळा एकाच गाडीत बसलेले असता, म्हणून दुसरं नाव घालाच, आणि ते अमेरिकेत राहणाऱ्याचं घाला. नाशिकचा भाऊ कितीही जिवाचा असला, तरी त्याला रात्री दोनला बँकेच्या फोनवर ताटकळत ठेवू नका.

आता आपल्या लोकांकडून हमखास सुटणारी गोष्ट. तुम्ही साताऱ्याला आईवडिलांना दरमहा पैसे पाठवता ना? कायद्याच्या नजरेत ती भेट. न्यू जर्सीत मुखत्यारपत्रात स्पष्ट लिहिल्याशिवाय मुखत्याराला तुमच्या पैशातून भेट देता येत नाही, 'सर्व अधिकार दिले' एवढं पुरत नाही. न्यूयॉर्कमध्ये वर्षाला एकूण 5,000 डॉलरच्या वर जायचं तर तसं लिहावं लागतं. तेव्हा आईवडिलांचा खर्च वकिलाला आठवणीने सांगा.

'मी अक्षम झाल्यावरच लागू होईल' असाही कागद न्यू जर्सीत करता येतो. मला तो पटत नाही, कारण ऐन वेळी अक्षमतेचा दाखला मिळवत फिरावं लागतं. फ्लोरिडाने तर 1 ऑक्टोबर 2011 पासून तसे नवे कागद बंदच केले. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला नेमूच नका, एवढंच.

हा कागद सगळीकडे चालतो असं समजू नका. सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे सरकारी पेन्शनचं ऑफिस तो मानत नाही, आयआरएसचा, म्हणजे आयकर खात्याचा, स्वतःचा 2848 नंबरचा फॉर्म आहे. उपचारांचे निर्णय कोण घेणार, हा कागद निराळा. तो अठरा पूर्ण झालेल्या मुलांकडूनही करून घ्या, कारण त्या वयानंतर हॉस्पिटल आईबापांना माहिती द्यायला बांधील नसतं. आणि भारतातल्या फ्लॅटसाठी वेगळंच कुलमुखत्यारपत्र: वकिलातीचा शिक्का किंवा अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला), शिवाय महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक. त्याला कलम 201 लागू, हे विसरू नका.

सह्या करताना दोन-तीन मूळ प्रती करा; घर विकायचं झालं तर एक काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत नोंदवावी लागते. बँकेच्या लॉकरमध्ये मात्र ठेवू नका. लॉकर तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर तो उघडायलाही हाच कागद लागेल. आमच्या प्रती पासपोर्टांच्या पिशवीत असतात, आणि ती कुठे आहे हे शेजारच्या काकूंनाही माहीत आहे.