सोलापूरहून वायुसेना दिनाचा एअर शो बघायला जायचंय? जुनी विमानं नीट बघायची असतील तर असं करा

ऑक्टोबर जवळ आला की राफेल, सुखोईचे व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागतात आणि ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, हे बघायला आपल्याला जाता येतं का, पास लागतो का, पोरांना न्यावं का. जाता येतं. पण माझं एक म्हणणं आहे आणि पुढचं सगळं त्याच हिशोबानं लिहिलंय: जेट विमानं तुम्हाला आपोआप दिसणार, ती इतकी आवाज करतात की चुकवायची म्हटली तरी चुकत नाहीत, पण डाकोटा, हार्वर्ड, टायगर मॉथ ही जुनी मंडळी समोरून एकदा जातात, मिनिटभरात संपतं, आणि त्याच मिनिटाला निम्मी पब्लिक वडापाव शोधत असते. म्हणून तयारी जुन्या विमानांसाठी करायची. ती नीट दिसली की बाकीचं सगळं दिसतंच.

पहिलं काम: यंदा कुठं आहे ते बघा

वायुसेनेची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची, म्हणून हा दिवस. पूर्वी वर्षानुवर्षं सोहळा दिल्लीजवळच्या हिंडन तळावरच व्हायचा, पण २०२२ पासून तो फिरायला लागला. २०२२ ला चंडीगडचा सुखना तलाव, २०२३ ला प्रयागराजचा संगम, २०२४ ला चेन्नईचा मरीना बीच. २०२५ ला परेड परत हिंडनला झाली आणि विमानांची प्रात्यक्षिकं नोव्हेंबरमध्ये गुवाहाटीला ब्रह्मपुत्रेवर. म्हणजे परेड एकीकडं आणि उड्डाणं दुसरीकडं, तारीखही वेगळी, असं होऊ शकतं. आपल्याला उड्डाणांची जागा आणि उड्डाणांची तारीख पाहिजे. वायुसेनेच्या अधिकृत अकाउंटवर आणि सरकारी प्रेस नोटमध्ये हे येतं, व्हॉट्सॲपवर आलेल्या फॉरवर्डवर तिकीट काढू नका.

पासचं असं आहे की शो हवाई तळावर असेल तर आत जायला पास लागतोच. बीच, घाट अशी मोकळी जागा असेल तर पब्लिकला मोकळं असतं, फक्त पुढच्या खुर्च्यांना पास. तळावर ओळखपत्राशिवाय कुणी उभं करत नाही, तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं आधार मोबाईलमध्ये नको, हातात ठेवा.

तिकीट

रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ८ ऑक्टोबरच्या आसपासच्या गाडीसाठी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच बसायचं. आपलं सोलापूर मोठ्या लाईनवर आहे हा फायदा आहे, दिल्लीकडं जायला कर्नाटक एक्सप्रेस इथूनच जाते, चेन्नईकडं जाणाऱ्या मुंबईच्या गाड्या इथूनच जातात, पुण्याला जाऊन बदलायची गरज नाही. दिल्लीला मात्र गाडीत एक पूर्ण दिवस-रात्र काढायची तयारी ठेवा.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते, आपल्याला असते. हे दिवस बहुतेक वेळा नवरात्राच्या आगेमागेच येतात. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची गर्दी असते, तुळजापूर रोडची वाहतूक वळवलेली असते आणि स्टेशनवरही उतरणाऱ्यांची रीघ. त्या बाजूनं कुणी येणार असेल तर त्याला सांगून ठेवा, गाडीच्या वेळेआधी चांगलं दोन तास स्टेशनवर ये म्हणून.

रिहर्सल धरा, जमलं तर

माझ्या मते हा सगळ्यात कामाचा सल्ला आहे. मुख्य शोच्या आधी काही दिवस विमानांची रिहर्सल चालते आणि शेवटची फुल ड्रेस रिहर्सल जवळपास शोसारखीच असते, तीच विमानं, तोच क्रम, पण भाषणं नाहीत आणि गर्दी कमी. चेन्नईला मरीनावर रिहर्सलच्या दिवशीही लोकांनी आरामात विमानं बघितली. दोन दिवस आधी पोचलात तर रिहर्सल बघून तुम्हाला कळतं की विमानं कुठल्या बाजूनं येतात, ऊन कुठून डोळ्यात येतं, कुठं उभं राहायचं. आणि मुख्य दिवशी हवा खराब झाली तर निदान एकदा बघितलेलं असतं. ढग खाली आले किंवा वारा जोरात असला तर जुनी विमानं पहिली थांबवतात, ती जपूनच उडवायची असतात, त्यात काही वावगं नाही.

जायच्या आधी घरी बसून एवढं ओळखायला शिका

हे केलं नाही तर समोरून जातं आणि आपण विचारतो, ते मघाशी काय गेलं.

डाकोटा: दोन इंजिनं, जाड पोट, शेपटीखाली छोटं चाक. पंखांची पुढची कड मागं झुकलेली आणि मागची कड जवळपास सरळ. डीसी-३ या मूळ विमानानं पहिलं उड्डाण केलं १७ डिसेंबर १९३५ ला. आपल्या वायुसेनेकडं उडतं त्याचं नाव ‘परशुराम’, इंग्लंडमध्ये दुरुस्त करून २०१८ ला भारतात आणलं. ते तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी वडिलांच्या नावे भेट दिलं, वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर स्वतः डाकोटा उडवायचे. शेपटीवरचा नंबर बघा, व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ ला १ शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला जी डाकोटा विमानं उतरली त्यातल्या एका विमानाचा हा नंबर. त्या दिवशी ती धावपट्टी हातची गेली असती तर काश्मीर खोऱ्यात सैन्य पोचवायचं कसं हा प्रश्न होता. पोरांना हे गाडीतच सांगा, मग ते विमान डोक्यावरून जाताना पोरं मोबाईल बघत नाहीत.

पुढं बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला तिथल्या टांगाइलला २ पॅरा या छत्रीधारी बटालियनच्या जवानांनी उड्या मारल्या, त्यातही डाकोटा होतंच, एएन-१२, पॅकेट आणि कॅरिबू यांच्या जोडीला.

हार्वर्ड: एक इंजिन, पिवळं, एकामागं एक दोन सीट आणि वर लांब काचेचं छत. हे शिकाऊ वैमानिकांचं विमान होतं. दिसायच्या आधी ऐकू येतं. त्याचा घरघर-किंचाळ असा एक वेगळाच आवाज असतो, कारण पंख्याची टोकं जवळपास आवाजाच्या वेगानं फिरतात. एकदा ऐकला की परत विसरायचा नाही.

टायगर मॉथ: दोन मजली पंख, कापडानं मढवलेलं, उघडं कॉकपिट. इंजिन १३० हॉर्सपॉवरचं, म्हणजे आजच्या चांगल्या कारएवढं. हे सगळ्यात हळू जातं आणि वाऱ्याचं सगळ्यात आधी ऐकतं, म्हणून दरवर्षी दिसेलच असं धरून चालू नका.

मिग-२१ आता आकाशात शोधू नका, ते २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निवृत्त झालं. १९६३ ला आलेलं विमान, बासष्ट वर्षं चाललं.

बॅगेत काय

सोलापूरचा माणूस म्हणतो आम्हाला उन्हाचं काय सांगता. आपलं ऊन कोरडं असतं, घाम वाळतो. समुद्राकाठी घाम वाळतच नाही, अंग तापत जातं आणि कळतही नाही. ६ ऑक्टोबर २०२४ ला मरीनावर शो सकाळी अकरा ते दुपारी एक होता, भर उन्हात लाखो लोक, आणि त्या दिवशी ५ जणांचा जीव गेला, कितीतरी जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. हे मी घाबरवायला लिहित नाही. पण पाणी तिथं मिळेल या भरवशावर जाऊ नका. माणशी दोन लिटर, ओआरएसची पाकिटं, टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. साठीच्या पुढचे आणि पाच वर्षांच्या आतले असतील तर त्यांना रिहर्सलला न्या, मुख्य शोला नको. आमच्या घरी यावरून वाद झाला होता, अण्णा म्हणाले मी काय म्हातारा झालो का, तरी आम्ही त्यांना रिहर्सललाच नेलं आणि ते खूश होते, कारण बसायला जागा मिळाली.

खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, दुसरं काही चांगलं नाही. उन्हात खराब होत नाही, हात बरबटत नाहीत, पोटाला जड नाही. फक्त उरलेलं तिथं टाकू नका, पिशवीत घालून परत आणा. खरकटं पडलं की घारी-कावळे येतात, आणि घार विमानाला धडकली तर काय होतं हे सांगायला नको. डाकोटासारख्या विमानाला असा धोका आपल्या एका पुडीमुळं का द्यायचा?

पोरांसाठी कानात घालायचे बोळे, मेडिकलमध्ये मिळतात. राफेल आफ्टरबर्नर लावून वर जातं तेव्हा छातीत धडधडतं, लहान पोरं दचकून रडतात आणि मग उरलेला शो तुम्ही त्यांना समजावत बसता. दुर्बीण असेल तर ८ बाय ४२ ची पुरे, जास्त झूमची घेऊ नका, हात हलतो आणि विमान सापडत नाही. बसायला आपली चादर आहेच. ड्रोन अजिबात नेऊ नका, तिथं बंदी असते आणि असायलाच पाहिजे.

जागा आणि बघायची पद्धत

सकाळी लवकर पोचा, दोन-तीन तास आधी. सूर्य पाठीमागं राहील अशी जागा धरा. अगदी मध्यावर गर्दी असते ती व्हीआयपी स्टेजसमोर, त्यात घुसायची गरज नाही, विमानं ज्या बाजूनं येतात त्या बाजूला थोडं सरकून उभं राहिलात तर जुनी विमानं जास्त वेळ दिसतात.

आता आवाजाचं गणित. विमान एक किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला साधारण तीन सेकंद लागतात. ताशी ९०० किलोमीटरनं जाणारं जेट तेवढ्यात साडेसातशे मीटर पुढं गेलेलं असतं. म्हणून आवाज आला तिकडं बघितलं की आकाश रिकामं दिसतं. जेट असेल तर आवाजाच्या पुढं बघायचं. डाकोटा तेवढ्या वेळात दोनशे मीटरसुद्धा सरकत नाही, आवाज आला तिथंच ते असतं. मान वळवायची आणि बघत राहायचं, घाई नाही. जुनं विमान बघण्यातलं सुख मला इथंच वाटतं, ते डोळ्यांना वेळ देतं, पंखाखालचे तिरंगी गोल, इंजिनाचे काळे डाग, काचेमागचा वैमानिक सगळं दिसतं.

शो तळावर असेल किंवा जमिनीवर मांडलेली विमानं बघायला मिळाली तर इंजिन सुरू करताना नक्की थांबा. मला एकदा वायुसेनेतून निवृत्त झालेले एक इंजिन फिटर भेटले होते, बार्शीकडचे. मी विचारलं, काका, ते लोक पंखा हातानं का फिरवतायत? ते म्हणाले, “अरे बाबा, ह्याचे सिलिंडर गोलात बसवलेले असतात, जे खाली आहेत त्यात रात्रभर तेल झिरपून साठतं. तसंच चालू केलं तर इंजिन वाकेल. आधी हातानं फिरवून बघायचं, अडकतंय का.” मग स्टार्टर फिरला, दोन-चार खोकले, पांढरट निळा धुराचा लोट, आणि एक-एक करत सगळे सिलिंडर लागले. डाकोटाच्या एका इंजिनात असे १४ सिलिंडर असतात, हार्वर्डला ९. आणि हार्वर्ड जमिनीवर चालताना बघा, नाक वर असल्यामुळं वैमानिकाला समोरचं दिसत नाही, म्हणून तो नागमोडी चालवत नेतो, एकदा डावीकडून डोकावतो, एकदा उजवीकडून.

फोटो

विमान पहिल्यांदा समोरून जातं ते डोळ्यांनी बघा. विमान परत फिरून आलं तर फोटो. जेटला शटर १/१००० किंवा त्याहून जलद, पण पंख्याच्या विमानाला तेच ठेवलं तर पंखा थांबल्यासारखा दिसतो, विमान हवेत लटकवल्यासारखं. तिथं १/१६० ते १/२५० ठेवा आणि विमानासोबत कॅमेरा हळू फिरवत न्या. बरेच फोटो हलतील, त्यातला एक चांगला निघतो. मोबाईलमध्ये पंख्याची पाती वाकडी किंवा तुटलेली दिसतात, ते मोबाईल बिघडल्यामुळं नाही, त्याचा सेन्सर चित्र ओळीओळीनं वाचतो आणि तेवढ्यात पातं सरकतं. व्हिडिओ घेणार असाल तर बोलू नका, हार्वर्डचा आवाज रेकॉर्ड होऊ द्या.

परत येताना

शो संपला की सगळे एकदम उठतात, गड्ड्याच्या जत्रेच्या शेवटच्या दिवशी होम मैदानातून निघावं तसं. चेन्नईला जास्त त्रास त्याच वेळी झाला, स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही उठू नका. सावली बघून तासभर बसा, उरलेलं पाणी प्या, मग निघा. परतीची गाडी त्याच संध्याकाळची काढू नका, रात्री उशिराची किंवा दुसऱ्या दिवशीची काढा. कुणी हरवलं तर कुठं भेटायचं ती जागा सकाळीच ठरवा, एवढ्या गर्दीत मोबाईलला रेंज नसते.

दिल्लीला गेला असाल आणि दुसरा दिवस हातात असेल तर पालमचं वायुसेना संग्रहालय करा. तिथं वापिती आहे, १९३३ ला वायुसेनेची पहिली स्क्वाड्रन ज्या विमानांवर सुरू झाली ते. शिवाय स्पिटफायर, हरिकेन, लायसँडर, नॅट. आदल्या दिवशी आकाशात बघितलेल्यांची ही भावंडं, आता उडत नाहीत, पण जवळ जाऊन त्यांचे रिव्हेट मोजता येतात. जायच्या आधी सुट्टीचा वार बघून घ्या, आठवड्यातून काही दिवस बंद असतं.