डोंगळे फुलले की दिवसाचा पंप बंद

एप्रिल उजाडला की बांधावर तेच बघायला मिळतं. कांद्याच्या बियाण्यासाठी लावलेल्या डोंगळ्याचा वाळलेला गोंडा (फुलांचा गेंद) तळहातावर चोळायचा, फुंकर मारायची, आणि हातात चार काळे दाणे. बाकी सगळा भुसा. येवला-चांदवडकडे बघितलं, सिंदखेडराजा-देऊळगावराजाकडेही बघितलं. रान हिरवंगार होतं, दांडे कमरेएवढे होते, खतापाण्यात कसूर नव्हती. चौकशी केली की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट निघते: गोंडे ऐन फुलात असताना सकाळी नऊ-दहाला कीटकनाशक मारलेलं असतं.

म्हणून आज सगळ्यात आधी हेच सांगतो. तुमच्या डोंगळ्यात पहिलं फूल उमललं असेल, तर उद्या सकाळी पंप पाठीवर घेऊ नका.

कारण कांद्याच्या फुलातच आहे. एका फुलात सहा पुंकेसर असतात. आतले तीन आधी फुटतात, मागून बाहेरचे तीन. पण त्यांचा पराग मोकळा होतो तेव्हा त्याच फुलातला स्त्रीकेसर आखूड आणि कच्चा असतो. तो पूर्ण लांब होऊन पराग घ्यायला तयार होईपर्यंत स्वतःचा पराग संपलेला असतो. म्हणजे फुलाला पराग दुसऱ्या फुलाकडूनच आणावा लागतो. तो चिकट असतो, वाऱ्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. तो आणणार मधमाशीच. गोंड्यातली शेकडो फुलं एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलतात, आणि तेवढे सगळे दिवस माशी यावी लागते. फुलात तीन कप्पे, कप्प्यात दोन बीजांडं, म्हणजे फार तर सहा बिया. माशी आली नाही तर कप्पे रिकामे, आणि तो गोंडा वाळल्यावर फोल निघतो.

त्यात कांद्याचा मकरंद माशीला फार आवडीचा नाही, त्यात पालाश (पोटॅशियम) जास्त असतं. शेजारी दुसरं चांगलं फूल मिळालं की ती तिकडे वळते. मुळात मनधरणी करून आणायची ती माशी, आणि आपण तिच्या तोंडावर विष मारतो.

ढग आले की दुकानात गर्दी होते. फुलकिडे वाढतील, करपा येईल ही भीती खरी आहे. पण त्या भीतीवर तीन-चार बाटल्या एकत्र करून दिल्या जातात: एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक ‘सेटिंगचं’ (दाणा धरायचं) टॉनिक, वर चिकटद्रव्य. ढगाळ हवेत माशी आधीच कमी उडते. ऊन पडलं की ती भुकेली बाहेर येते, आणि नेमक्या त्याच सकाळी आपण फवारलेलं असतं. ज्या फुलात पराग पोचला नाही ते कोणत्याही टॉनिकने भरत नाही. त्या पैशात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने येतात. बोरॉन किंवा दुसरं सूक्ष्म अन्नद्रव्य हवं असेल तर माती परीक्षणाच्या अहवालावरून द्या, बाटलीवरचं चित्र बघून नको.

फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंड्यावरचं पातळ आवरण फाटायच्या आधी करायचा. झाडामागे साधारण ३० फुलकिडे ही नुकसानीची पातळी धरतात. मोजा, मग ठरवा. शिफारशीतलं प्रोफेनोफॉस १ मिली प्रति लिटर किंवा फिप्रोनील १ मिली प्रति लिटर हे त्या आधीच्या टप्प्यासाठी आहे. फुलं उमलल्यावर दोन्हींना हात लावू नका. इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम यांचंही तसंच. ‘संध्याकाळी मारलं, आता चालतं’ असं काही जण सांगतात. या औषधांचा अंश कित्येक दिवस टिकतो, त्यांना संध्याकाळचा हिशोब लागू होत नाही.

फुलात असताना करप्यासाठी फवारणं भागच असेल तर मॅन्कोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर, एकटंच, कीटकनाशक न मिसळता, सूर्य मावळल्यावर. किडीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क, तोही मावळतीनंतरच. आणखी एक गोष्ट: आग्या माशी चांदण्या रात्रीही चरायला बाहेर पडते. म्हणून पौर्णिमेच्या आसपास शिवारात आग्याचं मोहोळ असेल तर मी फवारणी दोन-तीन दिवस पुढेच ढकलतो.

पेट्या आणायच्या असतील तर आत्ताच बोलणी करा. हेक्टरी ५ ते ८ पेट्या धराव्यात. साधारण दहा टक्के फुलं उमलली की पेट्या रानात ठेवा, त्याआधी नको. आधी आणल्या तर माशी दुसऱ्या कुणाच्या पिकाची सवय लावून घेते. सावली द्या, जवळ उथळ पाणी ठेवा, त्यात बसायला दगड टाका. विहिरीवरच्या झाडाचं आग्याचं मोहोळ मधासाठी जाळू देऊ नका. ती माशी दोन-तीन किलोमीटरवरून तुमच्या गोंड्यावर येते, आणि फुकट येते.

गोंड्यावर गुळाचं पाणी शिंपडायची पद्धत बरीच आहे. माझा अनुभव उलटा आहे. माशी पानावरचा गूळ चाटते आणि फुलात शिरतच नाही, वर मुंग्या लागतात. ज्या वर्षी माशी अगदीच दिसत नाही, त्या वर्षी सकाळी दव सुकल्यावर मऊ सुती फडका हाताला गुंडाळून या गोंड्यावरून त्या गोंड्यावर हलका फिरवा, दिवसाआड. मजुरी लागते, पण काही ना काही भरतं.

माशीला बांध कळत नाही, हे शेजाऱ्यालाही सांगा. त्याच्या हरभऱ्यावरची दुपारची फवारणी तुमच्या डोंगळ्याचं नुकसान करते. त्याने दुसऱ्या जातीचे डोंगळे लावले असतील तर भेसळ होते. प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर आणि पायाभूत (ज्यातून प्रमाणित तयार करतात त्या) बियाण्याला १००० मीटर अंतर त्यासाठीच लागतं. लाल कांद्याशेजारी पांढरा फुलला, तर ते उळे (बी) घरीसुद्धा वापरू नका. छोट्या शेतांमध्ये एवढं अंतर मिळत नाही. तिथे वस्तीवरच्या सगळ्यांनी मिळून एकच वाण लावणं हाच मार्ग मला दिसतो, मग ते एन-२-४-१ असो की भीमा शक्ती.

बाकीची कामं:

– पाणी ठिबकने किंवा सरीतून. फुलात तुषार नको. फुलोऱ्यात ताण नको.
– दांड्याला मातीची भर. वाऱ्याची जागा असेल तर काठी-सुतळी.
– वेगळ्या रंगाची, लवकर फुटलेली, रोगट झाडं फुलायच्या आधी उपटणे.
– गोंड्यातली काही बोंडं उकलून काळं बी दिसलं की काढणी. सगळं एकदम नाही, दोन-तीन तोडे.
– दांड्याचा वीतभर भाग ठेवून कापणी, ताडपत्रीवर वाळवण, मळणी, उफणणी.
– ओलावा ६ टक्क्यांपर्यंत उतरल्यावर हवाबंद साठवण. कांद्याचं बी लवकर उगवण सोडतं, पुढच्या हंगामातच वापरा.

फवारून झालंच असेल तर उद्या दहा वाजता रानात जा, गोंड्यांखाली वाकून बघा. सोंड बाहेर काढून मेलेल्या माश्या दिसल्या तर दुकानात परत जाऊ नका. त्याच दिवशी फडका हातात घ्या. उरलेली फुलं अजून उमलायची आहेत.