लघवीचं खत करताना या चुका टाळा

धरण भरलं की उजनीच्या फुगवट्यातल्या काही उंचवट्यांची बेटं होतात. अशा वस्तीवर गटार येणार नाही, मैल्याची गाडी पोचणार नाही, युरियाचं पोतंही होडीतूनच आणावं लागतं. तिथं लघवी वेगळी धरून झाडांना देणं यासारखा स्वस्त आणि स्वच्छ मार्ग नाही. पाच माणसांच्या घरातून वर्षभरात जेवढं नत्र निघतं, ते युरियाच्या अर्ध्या पोत्याहून जास्त भरतं. काम अवघड नाही. पण जाईन तिथं लोक त्याच त्या चुका करतात आणि शेवटी 'हे काही आपल्याकडं चालत नाही' म्हणून सोडून देतात, याचा मला खरंच त्रास होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उघडा ड्रम. निळा ड्रम कोपऱ्यात ठेवायचा, तोंडावर गोणपाट टाकायचं. कारण काय, तर 'हवा लागली नाही तर सडेल की'. ताज्या लघवीत नत्र असतं ते युरियाच्या रूपात. काही दिवसांतच जिवाणू त्याचा अमोनिया करतात, सामू (पीएच) नऊच्या आसपास चढतो आणि तो अमोनिया उडून जायला वाटच बघत असतो. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे आणि वर तापलेला पत्रा. एका वस्तीवरचे काका मोठ्या कौतुकानं मला ड्रमपाशी घेऊन गेले. "वास बघा कसा डोळ्यात जातोय, म्हंजे खत तयार झालं." मी त्यांना सांगितलं, "काका, डोळ्यात जातंय तेच तुमचं नत्र. ते झाडाला मिळायला पाहिजे होतं." त्यांनी वास मारायला दोन घमेली राखही टाकली होती. राखेनं सामू आणखी चढतो आणि अमोनिया आणखी जोरात सुटतो. अशा ड्रमात उन्हाळ्याअखेर उरतं ते बहुतेक मीठ आणि थोडं पालाश.

मी वीस लिटरचे फिरकीच्या झाकणाचे प्लॅस्टिक कॅन वापरतो, झाकणाखाली रबरी वायसर बसवून. मुतारीचा पाईप कॅनच्या तळापर्यंत सोडतो, म्हणजे लघवी उडत नाही आणि हवेशी कमी खेळते. कॅन भरला की झाकण आवळून सावलीत ठेवतो आणि त्यावर रंगानं तारीख घालतो. तारीख घालायचा कंटाळा करणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरचीच लघवी घरच्याच झाडांना द्यायची असेल तर साठवणीची सक्ती नाही, मात्र शेवटचा डोस आणि तोडणी यांत महिनाभर अंतर हवंच. सगळ्या वस्तीची लघवी एकत्र होत असेल तर कोणत्याही पिकाला देण्याआधी वीस अंशांवरच्या तापमानात सहा महिने बंद ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे. साठवणीत पाणी घालू नका. पाण्यानं अमोनिया पातळ होतो आणि जंतू मरायला वेळ लागतो. वर कॅन वाहायचे कष्ट वाढतात ते वेगळेच.

दुसरी चूक डाळिंबवाल्यांची: लघवी थेट ठिबकमध्ये सोडणं. सांगोल्याकडच्या एका तरुणानं सौरपंपावरच्या ठिबकला व्हेंच्युरी (पाण्याच्या ओढीनं खत ओढून घेणारी नळी) लावून हा प्रयोग केला. टाकीत बोअरचं पाणी आणि लघवी मिसळली की मिश्रण दुधाळ व्हायचं. "फिल्टर आहे की दादा," एवढंच त्याचं उत्तर. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर आणि साठवलेल्या लघवीत स्फुरद, अमोनिया आणि चढलेला सामू. सगळं एकत्र आलं की पांढरे क्षार खाली बसणारच, आणि फिल्टर ओलांडून पुढं लॅटरलमध्येही (झाडांच्या ओळीतल्या ठिबकच्या नळीत) ते बसतच राहतात. ऐन बहारात ओळीच्या शेवटची झाडं सुकायला लागली तेव्हा मला बोलावलं. लॅटरलचं टोक कापून तळहातावर आपटलं तर रव्यासारखे पांढरे कण पडले. ॲसिड ट्रीटमेंट केली, तरी कितीतरी ड्रिपर बदलावे लागले. दोन बादल्या उचलायचे श्रम वाचवायला गेलेला माणूस आठवडाभर नळ्या धूत बसला.

बादली-मगाला पर्याय नाही. आळ्याच्या कडेनं, खोडापासून लांब, वीतभर खोल चर काढायचा, त्यात लघवी ओतून लगेच माती ओढायची आणि मग साध्या पाण्याचं ठिबक सोडायचं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत वर ओतलेला अमोनिया थांबत नाही, म्हणून माती ओढणं टाळूच नका. हंगामात चौरस मीटरला दीड लिटर पुरे, तेही विभागून.

गोमूत्र फवारतात तशी ही पानांवर फवारू नका, पानं करपतात. जमिनीवर पांढरा खार दिसत असेल तर तिथं थेंबही नको, लघवीत मीठ असतं. घेवड्याला तर अजिबात देऊ नका. मुतारीच्या पाईपला तांबं, पितळ, ॲल्युमिनियमचा एकही जोड लावू नका, ते खाऊन जातं. पाईप जाड घ्या आणि उतार सलग ठेवा. आत थर धरला तर लिंबूसत्त्वाचं गरम पाणी रात्रभर ठेवा. ब्लीचिंग पावडर मात्र चुकूनही नको. अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो आणि बंद मुतारीत तो जिवावर बेतू शकतो.

राहिला शोषखड्डा. बेटावर पाण्याच्या काठाशी खड्डा मारून लघवी त्यात सोडणारे बघितले की राग येतो. पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्यानं उजनीचं पाणी आधीच हिरवं पडतं, जलपर्णी माजते, आणि तेच पाणी सोलापूर शहर पितं. काठावरच्या खड्ड्यातलं नत्र मातीतून झिरपून तिथंच जातं. पावसाळ्यात धरण चढत असताना झाडांनाही देऊ नका, जोराच्या सरीत ते वाहून जातं. तेवढे महिने कॅन भरून उंचावर रचून ठेवा. पाणी ठरलं, वापसा आला (जमिनीत पेरणीजोगी ओल राहिली) की साठवणीचे सहा महिने पुरे झालेले कॅन ज्वारीच्या रानात चरांत ओता, माती ओढा आणि आठवड्यानं पेरा.