काळ्या मातीच्या बागेत पाणी तुंबतंय? आधी वाट काढा

मिरजेच्या आसपास कृष्णेच्या दोन्ही अंगांना जी भारी काळी माती आहे, तिच्यात घर बांधून बाग करणारे लोक दर पावसाळ्यात मला एकच विचारतात, "ताई, पाणी हटतच नाही. वाळू किती टाकू?"

वाळू टाकू नका. दहा बाय दहाचा वाफा फूटभर खोल धरला, तर ती एक ब्रास माती झाली. तिचा पोत खरोखर बदलायचा तर जवळजवळ निम्मी वाळू लागेल, आणि तेवढी कुणीच टाकत नाही. चार-सहा घमेली टाकली, तर वाळूचे दाणे चिकणमातीत नुसते रुतून बसतात, निचरा काही वाढत नाही. या मातीत पाणी पडलं की ती फुगते आणि स्वतःच्या भेगा मिटवून घेते. म्हणून जूनच्या पहिल्या सरींचं पाणी भेगांतून झरझर खाली जातं आणि जुलैत त्याच बागेचं तळं होतं. माती तशीच राहणार आहे. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत: पाण्याला बाहेर जायला वाट द्यायची आणि मुळांना उंचावर बसवायचं.

त्याआधी पाणी येतं कुठून ते बघा. पाऊस चालू असताना छत्री घेऊन बागेत उभं राहिल्याशिवाय ते कळत नाही. बऱ्याच घरांत स्लॅबचा पाइप थेट बागेत सोडलेला असतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर 10 मिलिमीटर पाऊस पडला की सव्वानऊशे लिटर पाणी जमतं. आधी तो पाइप टाकीकडे किंवा गटारीकडे वळवा. काही बागांचं निम्मं दुखणं तिथंच संपतं.

मग फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि काठी लावून तासाला किती उतरतं ते मोजा. इंचभरही उतरत नसेल तर निचरा वाईट. पाऊस थांबून दोन-चार दिवस झाले तरी रिकाम्या खड्ड्यात खालूनच पाणी चढत असेल, तर भूजलच वर आलंय. नदीकाठच्या आणि उसाच्या पट्ट्यातल्या सखल प्लॉटांत हे होतं. तिथं खोल चर काढून उपयोग नाही, बागच उंच करावी लागते.

शोषखड्ड्याचा सल्ला सर्रास दिला जातो. खाली मुरूम लागत असेल तरच तो घ्या. नुसत्या काळ्या मातीत खणलेला शोषखड्डा एकदा भरला की भरलेलाच राहतो.

चराला उतार हवा, शंभर फुटांना एक फूट. तीस फुटांच्या बागेत दोन टोकांमध्ये साधारण चार इंच फरक पडला पाहिजे. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरा, दोन टोकांना दोन माणसं धरून उभी करा आणि दोन्हीकडच्या पाण्याच्या रेषेला खुंटीवर खूण करा. चराचं तोंड गटारीकडे काढा, शेजाऱ्याच्या कुंपणाकडे नको. मी उघडाच चर पसंत करते, दीड फूट रुंद आणि फूटभर खोल. गाळ साचला तर दिसतो आणि फावड्याने काढता येतो. पायवाटेखालून न्यायचाच असेल तर चार इंची सच्छिद्र पाइप टाका, पण भोवती आणि वर अगदी जमिनीपर्यंत खडी भरा. वर पुन्हा काळी माती लोटली तर पाणी पाइपापर्यंत पोचतच नाही.

चरातून निघालेली माती दोन्ही बाजूंना ओढली की गादीवाफा तयार होतो. आपल्याकडे हळद-आलं करणारे शेतकरी हेच करतात. रुंदी तीन ते चार फूट ठेवा, म्हणजे दोन्हीकडून हात पोचतो आणि वाफ्यावर पाय पडत नाही. उंची फूटभर धरा, एका पावसाळ्यात ती दबतेच. माथा मधे किंचित फुगीर ठेवा.

हे काम कधी करायचं, याला फार महत्त्व आहे. एप्रिलमध्ये ही माती दगडासारखी असते, जुलैत चिखल असतो. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर वाफसा येतो, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होते, तेव्हा करा. मूठभर माती घट्ट दाबा आणि बोटाने टिचकी मारा. गोळा फुटून भुगा झाला तर कामाला लागा. टिचकीने नुसता खळगा पडला किंवा खुरप्याचा काप चकाकला, तर थांबा. ओल्या मातीत एकदा नाचलेले पाय पुढे वर्षभर बाधतात.

झाडांचं वेगळं आहे. काळ्या मातीत खोल खड्डा घेऊन त्यात पोयटा (गाळाची भुसभुशीत माती) आणि शेणखत भरलं, की ती जमिनीत पुरलेली बादली होते. आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जात नाही. लिंबाचं पान पिवळं पडतं, दुपारी झाड मलूल होतं, घरातले म्हणतात पाणी कमी पडलं आणि आणखी घालतात. असं झाड दिसलं तर एक बारीक मूळ उकरून चिमटीत ओढा. तपकिरी साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला, वर गटारीचा वास आला, तर मूळ कुजलंय. लिंबू, पपई, डाळिंब ही दीड फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद उंचवट्यावरच लावा. कलमाचा जोड मातीच्या बराच वर ठेवा आणि दुहेरी आळं करा, म्हणजे बुंध्याभोवती मातीचं एक कडं आणि पाणी त्याच्या बाहेरच्या दुसऱ्या आळ्यात, म्हणजे बुंध्याला पाणी लागत नाही.

खताचं सांगते. दर वर्षी वाफ्यावर दोन इंच कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पसरा, खणून मिसळायची गरज नाही. मे महिन्यात भेगा पडतात, तेव्हा त्या मातीने बुजवू नका. चाळलेलं शेणखत झाडूने त्यांत लोटा. फुटाच्या खाली खत पोचवायचं काम माती स्वतःच करते. एखादा वाफा मोकळा ठेवता आला तर जूनमध्ये धैंचा हे हिरवळीचं खत पेरा आणि फुलं दिसायला लागली की कापून गाडा. धैंचाला साचलेलं पाणी सोसतं.

जिप्समचं पोतं दुकानदार लगेच काढून देतो. आधी वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात, पावसाच्या पाण्यात, न हलवता सोडा. नुसतं फुटून खाली बसलं तर जिप्सम नको. भोवती दुधासारखा ढग पसरून तसाच राहिला, तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली, असण्याची शक्यता आहे. मग माती परीक्षण करून घ्या आणि अहवालात सांगितलेलं प्रमाण टाका. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, पण तो सोडियम धुऊन जायला चर लागतोच. चर नसेल तर पैसे वाया. चुना तर अजिबात टाकू नका, ही माती आधीच विम्लधर्मी असते.

एवढं करूनही एखादा कोपरा ओला राहतोच. तिथं टोमॅटोचा हट्ट धरू नका. अळू, कर्दळ, वेखंड लावा. चराचं तोंड त्याच कोपऱ्यात असेल, तर अळूचे गड्डे तोंडापासून दोन फूट लांब ठेवा, नाहीतर श्रावणापर्यंत ते चर अडवतात.