संशोधन आराखड्यातील संज्ञा : या चुका टाळा

समाजशास्त्रातील पहिलाच संशोधन आराखडा लिहिणारे विद्यार्थी बहुधा अडखळतात ते अवघड संज्ञांपाशी नव्हे, तर रोजच्या बोलण्यामुळे ओळखीच्या वाटणाऱ्या संज्ञांपाशी.

‘गृहीतक’ हा शब्दच पाहा. गृहीत धरणे म्हणजे न तपासता मान्य करणे, हा अर्थ कानात बसलेला असल्यामुळे ‘शिक्षण महत्त्वाचे आहे’ यासारखी विधाने गृहीतके म्हणून लिहिली जातात. संशोधनातील गृहीतक मात्र तपासण्यासाठीच मांडलेले असते आणि ते खोटे ठरण्याची शक्यता त्यात असावीच लागते. ‘बचत गटातील महिला इतर महिलांपेक्षा सावकाराकडून कमी वेळा कर्ज घेतात’ हे विधान खोटे ठरू शकते, म्हणून ते गृहीतक होय. काही पुस्तके याच अर्थी ‘परिकल्पना’ म्हणतात आणि मला तोच शब्द अधिक नेमका वाटतो. कोणताही घ्यावा, पण शेवटपर्यंत एकच वापरावा. चल म्हणजे व्यक्तीगणिक बदलणारी बाब. वरील विधानात गटाचे सदस्यत्व हे स्वतंत्र चल (ज्याचा परिणाम तपासायचा ते) आहे आणि कर्जाची वारंवारता हे परतंत्र चल (ज्यावरचा परिणाम पाहायचा ते). सर्वच उत्तरदात्या महिला असल्यामुळे ‘लिंग’ हे या अभ्यासात चलच नाही, तरीही चलांच्या यादीत ते हमखास सापडते.

सर्वाधिक नुकसान ‘यादृच्छिक’ या शब्दाने होते. बाजारात भेटेल त्याला प्रश्न विचारणे म्हणजे यादृच्छिक नमुना नव्हे. साध्या यादृच्छिक निवडीसाठी समष्टीची, म्हणजे ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा त्या सर्वांची, पूर्ण यादी हवी, प्रत्येकाला निवडले जाण्याची समान संधी हवी आणि निवड चिठ्ठ्यांनी किंवा यादृच्छिक अंकांनी व्हायला हवी. नमुना मोठा असल्याने हा दोष भरून निघत नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे २० लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या होत्या. परंतु नावे मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेली होती आणि मतपत्रिका मिळालेल्यांपैकी उत्तर पाठवणारेही थोडेच होते, त्यामुळे रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकतील हे भाकीत पूर्ण फसले. माहिती भेटेल त्याला विचारून आधीच गोळा झाली असेल, तर तिला ‘सोयीस्कर नमुना’ म्हणावे आणि निष्कर्ष त्या उत्तरदात्यांपुरतेच ठेवावेत.

विश्वसनीयता (पुन्हा मोजले तरी तेच उत्तर येणे) आणि सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) यांचीही गल्लत होते. ‘तुम्हाला सही करता येते का?’ हा प्रश्न कितीही वेळा विचारला तरी उत्तर बहुधा तेच येईल, म्हणजे तो विश्वसनीय आहे. पण त्यावरून साक्षरता मोजली, तर मापन सप्रमाण राहत नाही. २०११ च्या जनगणनेने ७ वर्षे व त्यावरील वयाच्या, कोणत्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकणाऱ्या व्यक्तीस साक्षर मानले होते. आपली कार्यात्मक व्याख्या, म्हणजे संज्ञा प्रत्यक्षात कशी मोजायची हे सांगणारी व्याख्या, वेगळी असेल, तर आपला आकडा त्या आकड्याशेजारी ठेवू नये.

बचत गटातील महिला खरोखरच सावकाराकडून कमी वेळा कर्ज घेताना आढळल्या, तरी तो आधी सहसंबंधच असतो, म्हणजे दोन गोष्टी सोबत आढळतात इतकेच, एकीमुळे दुसरी घडली असे नव्हे, कारण मुळात बरी परिस्थिती असलेल्या महिलाच गटात आल्या असण्याची शक्यता उरते. अशा वेळी अहवालात ‘गटामुळे’ हा शब्द खोडून ‘गटाच्या सदस्यांमध्ये’ असे लिहावे.